खंडेनवमीला थांबलेलं इंजिन

दसऱ्याच्या सकाळी भिसेगावच्या घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. त्यावरूनच विमलबाईंनी ओळखलं की बोलणं आपल्याबद्दल चाललं आहे.

त्या मागच्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मोड आलेला वाल दोन बोटांत दाबला की सालातून दाणा सुटतो आणि टोपात पडतो. हात आपोआप चालत होते. कान मात्र बाहेरच्या खोलीकडे होते. तिकडून मोठ्या मुलाचा, प्रवीणचा आवाज यायचा, मग धाकट्याचा, जितेशचा. मग कोणीतरी दार लोटून घ्यायचं आणि आवाज बंद व्हायचा.

प्रवीणची बायको हर्षला पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आई, ठेवा तुम्ही. मी सोलते."

"मंग मी काय करू?"

"बसा ना जरा. सणाचा दिवस आहे."

"बसलीच हाय की." विमलबाईंनी एक वाल दाबला. "काय म्हनतोय परवीन?"

"काही नाही. कामाचं चाललंय."

"आज काम म्हंजे मीच ना गं?"

हर्षलाने तांब्या खाली ठेवला, पदर नीट केला आणि ती आत गेली. या घरात आता असंच व्हायचं. भांडण नव्हतं, कोणी उलट बोलत नव्हतं. विचारलं की माणूस उठून जायचं, एवढंच.

आदल्या दिवशी काय घडलं ते सांगायचं तर आधी साजगावच्या कारखान्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. तिथे पिकअप गाड्यांची डिझेल इंजिनं बनतात. जागा, शेड आणि माणसं बडेकरांची, म्हणजे या घरची, इंजिनाचा आराखडा इटलीच्या एका कंपनीचा, आणि कारखाना दोघांचा मिळून. विमलबाईंचे यजमान धाकलूशेठ यांनी हा करार केला आणि तो नीट चालू लागलेला पाहूनच ते गेले. आता कराराची मुदत संपत आली होती. पुढचा करार व्हायचा तो नव्या इंजिनासाठी, आणि ते नवं इंजिन चाचणीत पास झालं तरच.

ही चाचणी कशी असते? पिकअप गाडी तिच्या आयुष्यात काय काय करते ते डोळ्यांपुढे आणावं. भाजीच्या पाट्या भरून ती घाट चढते, बाजारात ताटकळत उभी राहते, रिकामी होऊन घरी पळते, पुन्हा भरते. हे सगळं आयुष्य एका इंजिनाला बंद खोलीत, एका जागी बांधून, काही महिन्यांत जगायला लावतात. दिवसरात्र. मधेच थांबवायचं झालं तर त्याचेही नियम आहेत. धावत आलेलं मूल आपण आधी चालवतो, मग बसवतो, तसं त्या इंजिनाचं ओझं हळूहळू कमी करायचं, त्याला थोडं थंड होऊ द्यायचं आणि मग थांबवायचं. कारण त्यात हवा कोंबणारं एक चाक असतं. त्याला टर्बो म्हणतात. ते धगधगत्या धुरावर गरगर फिरतं आणि तेलाच्या धारेवर तरतं. इंजिन झटक्यात बंद केलं की तेलाची धार तुटते. आतलं तेल जागच्या जागी जळून चिकटतं आणि चाक धरून ठेवतं.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विमलबाईंनी ते इंजिन झटक्यात बंद केलं होतं.

बडेकरांची रीत जुनी होती. कर्जत स्टेशनामागे धाकलूशेठचं टेंपोची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं तेव्हा तिथे एकच लेथ मशीन होतं. खंडेनवमीला ते विमलच्या हाताने थांबायचं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावरच पुन्हा सुरू. पुढे साजगावला मशीनं वाढत गेली, तरी रीत तीच राहिली. मालकीणबाईंनी ओळीने एकेका मशीनपाशी जायचं, लाल बटण दाबायचं, कुंकू लावायचं. कामगार आपापल्या मशीनपाशी टोपी काढून उभे राहायचे. एक आवाज कमी झाला की पुढचा, असं करत सगळी शेड शांत व्हायची. वर्षातून एकदा तिथे चिमण्या ऐकू यायच्या.

या वर्षी प्रवीण इटलीच्या कोर्सिनी साहेबांबरोबर पुण्याला बैठकीला गेला होता. चाचणीच्या खोलीत पूजा करायची नाही, हे त्याने ठरवलं होतं आणि सगळ्यांना कळवलंही होतं. विमलबाई ओळीच्या शेवटी आल्या तेव्हा सगळी शेड शांत झाली होती आणि जाड दुहेरी दारामागून एकच घरघर येत होती. दाराशी कमलेश उभा होता. चाचणीच्या पाळीवर तोच होता.

"बाई, याला नको," तो म्हणाला.

"का रं? याला द्येव येगळा हाय का?"

"साहेबांनी सांगितलंय."

"कोनत्या साहेबानं?"

कमलेशने प्रवीणला फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. विमलबाई ताट घेऊन उभ्या होत्या. ताटातलं निरांजन वाऱ्याने विझेल म्हणून त्यांनी पदर आडवा धरला होता. सगळ्यांना विसावा मिळाला आणि हे एकटंच सणाच्या दिवशी राबतंय, हे त्यांना बरं वाटेना. दाराशेजारच्या टेबलावर लाल बटण होतं. इतर मशीनांना असतं तसंच.

त्यांनी ते दाबलं.

---

"कोर्सिनी जेवायला आला की सांगायचं, काल लाईट गेली," प्रवीण म्हणाला. "आपल्याकडे लाईट गेली म्हटलं तर कोण पुढे विचारतं?"

जितेश सोफ्यावर मांडी घालून बसला होता. तो हसला. "दादा, चालू पंख्याखाली बसवून सांगणार का त्याला?"

"तुला मस्करी सुचते. तू ठाण्याहून जेवायला आलायस."

"मी जेवायलाही आलोय आणि सांगायलाही. खरं काय ते सांग. आमच्या घरची रीत आहे, आईने बंद केलं, माफ करा. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू दे."

"ते काय ठरवतील हे तुला चांगलं माहीत आहे. म्हणून तर तुला खऱ्याचा एवढा पुळका. करार मोडला की आपला हिस्सा ते घेणार आणि तू नेरळच्या बाजूला बंगले बांधायला मोकळा."

"मग त्यात चोरी आहे का? मी केव्हापासून सांगतोय. आणखी किती वर्षं लोक डिझेलच्या मागे धावणार आहेत? वेळेत बाहेर पडू या."

"बाहेर पडू या!" प्रवीणने खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची मुलं गाडीला हार बांधत होती. "तू आत होतास कधी?"

हे बोलून त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. धाकलूशेठ गेल्यापासून कारखान्यातला प्रत्येक माणूस त्याला विचारायला येत असे. याचं काय करायचं साहेब, त्याचं काय करायचं. तो सांगायचा. त्याने स्वतः ज्याला विचारावं, असं माणूस मात्र उरलं नव्हतं. पूर्वी तो आईपाशी जाऊन बसायचा, नुसता बसायचा. ते नक्की कधी बंद झालं हे त्याला आठवत नव्हतं. काल पुण्याच्या बैठकीत फोन थरथरला, कमलेशचं नाव दिसलं, आणि त्याने तो पालथा घातला. ही गोष्ट त्याने अजून कोणालाच सांगितली नव्हती.

त्याची मुलगी रिया दाराशी टेकून उभी होती. ती पुण्याला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

"बाबा, लाईट गेली तर जनरेटर आपोआप सुरू होतो," ती म्हणाली. "तो का झाला नाही असं ते विचारतील."

"बिघडला होता म्हणू."

"मग तो तपासायचं काम कोणाचं होतं, असं विचारतील."

प्रवीण पुन्हा खिडकीकडे वळला. शेवटी जितेशच म्हणाला, "कमलेशचं."

"कमलेशचं मी बघतो," प्रवीण म्हणाला. "चार दिवस घरी बसवू. वातावरण निवळलं की दुसऱ्या खात्यात घेऊ. मी त्याला समजावतो."

"आणि कोर्सिनी म्हणाला की काढूनच टाका, तर?"

"रिया, तू मधे पडू नकोस."

हर्षला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी होती. ती या चर्चांमध्ये पडत नसे. आज म्हणाली, "अहो, भाऊजी म्हणतायत ते बरोबर आहे. खरं सांगून टाका."

प्रवीणने वळून पाहिलं. परक्या गावात कोणी ओळखीचं भेटावं आणि त्याने ओळख दाखवू नये, तसा त्याचा चेहरा झाला. "तूसुद्धा?"

हर्षलाला पुष्कळ सांगायचं होतं. या कारखान्याने तुम्हाला माझ्या घरात फक्त झोपायला ठेवलंय, तो गेला तर मला रडू येणार नाही, हे सांगायचं होतं. आणि दुसरंही. प्रवीणने पुण्याला निघताना दारात चपला घालता घालता तिला म्हटलं होतं, 'आईला सांग, चाचणीच्या खोलीत जायचं नाही.' ती हो म्हणाली होती. मग वाटलं, संध्याकाळी सांगू. मग रिया आली, आजीशी तीच बोलेल असं वाटलं. आणि खरं तर सासूबाईंसमोर बसून काही सांगायची सवयच मोडली होती. दोघी एकाच स्वयंपाकघरात वावरत, आणि पूर्ण वाक्य क्वचितच बोलत.

"मी फक्त म्हटलं," ती एवढंच बोलली.

तेवढ्यात विमलबाई सोललेल्या वालाचा टोप कमरेवर धरून आत आल्या. बोलणं तुटलं.

"कमलेशला घरी बसवनार?" त्यांनी विचारलं.

"आये, तू कशाला..."

"त्यानं काय केलं? बटन मी दाबलं."

"तेच सांगतोय ना. तुझं नाव कुठे यायला नको म्हणून तर हे सगळं."

"माजं नाव येतंय कुठं, परवीन?" त्या ओरडल्या नाहीत. वाण्याकडे तुरीचा भाव विचारावा तशा म्हणाल्या. "आता एकदा आलं तं येऊ दे की."

प्रवीण कपाळ चोळत राहिला.

"मला येवढंच सांगा," विमलबाई म्हणाल्या. "मला कुनी सांगितलं का नाय?"

"ग्रुपवर टाकलं होतं मी. सगळ्यांना."

"मी हाय का त्या ग्रुपात?"

विमलबाईंनी हर्षलाकडे पाहिलं.

"मला वाटलं, रिया बोलेल तुमच्याशी," हर्षला म्हणाली.

"मला वाटलं, आईने सांगितलंय," रिया म्हणाली.

"मी तर ठाण्यालाच होतो," जितेश म्हणाला.

"म्हंजे समद्यांना वाटलं." विमलबाईंनी टोप दुसऱ्या कमरेवर घेतला. "चला, बिरडं टाकते. पावन्याला तिखट नाय ना चालत?"

---

कोर्सिनी साहेब उंच, टकले आणि शांत होते. ते सणाला म्हणून सदरा घालून आले होते. त्याच्या बाह्या त्यांना आखूड झाल्या होत्या. दारातल्या तोरणाला डोकं लागू नये म्हणून ते वाकले आणि त्याच वाकण्यात विमलबाईंना नमस्कार करून मोकळे झाले. चाचणी बंद पडली आहे एवढंच त्यांना कळलं होतं. कारण जेवताना सांगतो, असं प्रवीण म्हणाला होता.

ताटं वाढली. श्रीखंड, पुऱ्या, बिरडं, भात. कोर्सिनींनी बिरडं तीनदा मागून घेतलं, तेव्हा जितेश मराठीत म्हणाला, "दादा, याला करार नको, वाल दे. सही करून जाईल." रियाला हसू आलं आणि तिने ते पुरीत लपवलं.

प्रवीणने घसा साफ केला. "मिस्टर कोर्सिनी, कालचं..."

"रिया," विमलबाई म्हणाल्या, "त्यांना सांग, इंजिन मी बंद केलं."

प्रवीणचा घास हातातच राहिला.

"आजी..."

"सांग गं. मला येत न्हाय त्यांची भाषा, नायतं मीच सांगितलं असतं."

रियाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. मग तिने सांगितलं, कमलेशने नको म्हटलं होतं तेही. खंडेनवमी म्हणजे काय तेही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळलं नसतं. हत्यारं, अवजारं, मशीनं, ज्यांच्यावर आपलं पोट चालतं त्यांना एक दिवस विसावा द्यायचा.

कोर्सिनी जेवायचे थांबले. त्यांनी हात ताटाच्या कडेवर ठेवला आणि पूर्ण ऐकून घेतलं. मग त्यांनी विमलबाईंकडे बघतच विचारलं, आणि रियाने मराठीत सांगितलं.

"विचारतायत, दरवर्षी तूच थांबवतेस का?"

"समदी. एकन् एक."

"आणि यावर्षी या एकाला हात लावायचा नाही, हे तुला कोणी सांगितलं होतं का?"

पंखा फिरत होता. विमलबाईंनी ताटातल्या भाताचा ढीग बोटांनी एकत्र केला.

"मी इचारायला पायजे होतं," त्या म्हणाल्या.

रिया अडखळली. प्रश्न तो नव्हता, हे तिला कळत होतं. तरी तिने आजीचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. कोर्सिनींनी ते ऐकलं आणि बराच वेळ प्रवीणकडे पाहिलं. प्रवीण मिठाची बरणी सरळ करत होता.

मग कोर्सिनी बोलले. ते हळू आणि सोप्या इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे विमलबाई सोडून सगळ्यांना थेट समजत होतं. ते इंजिन आता चाचणीला चालणार नाही. ते उघडून, टर्बो काढून, काय बिघडलं ते पाहावं लागेल. दुसरं इंजिन लावून चाचणी पहिल्यापासून सुरू करू. ती पूर्ण होईपर्यंत नवा करार होणार नाही, पण म्हणून कोणी जुना मोडणारही नाही. कोणा कामगाराला शिक्षा नको. त्याने अडवायचा प्रयत्न केला होता. फक्त एक गोष्ट आजच ठरवू. यापुढे चाचणीच्या खोलीत आणि शेडमध्ये, ज्याचं तिथे काम आहे तोच माणूस जाईल. घरच्या माणसांनाही तोच नियम. पूजा करायची तर फाटकाबाहेर करावी, ते स्वतः येतील.

"मान्य," प्रवीण म्हणाला.

"बरोबर आहे," जितेश म्हणाला. "हे आधीच व्हायला हवं होतं."

दोघांचे आवाज एकात एक मिसळले. जितेशने चमकून भावाकडे पाहिलं. वडील गेल्यापासून, जमिनीवरून, वाट्यावरून, वडिलांचा फोटो कोणत्या भिंतीवर लावायचा यावरूनसुद्धा, ते दोघं एका बाजूला आले नव्हते. आता आले होते, आणि किती सहज. त्याला क्षणभर हलकं वाटलं. प्रवीणच्याही खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. करार वाचला होता, आणि जितेशला वाटलं, ठीक आहे, वाचला तर वाचला, निदान खोटं बोलायला लागलं नाही.

मग त्याने आईकडे पाहिलं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी जितेश आजारी असला की डॉक्टर इंग्रजीत बोलायचे तेव्हा ती अशीच बघायची, चेहऱ्यावरून काही कळतंय का म्हणून.

"काय म्हनले गं?" तिने रियाला विचारलं.

"आजी, ते म्हणाले कमलेशला काही करायचं नाही."

"आनि?"

"आणि..." रियाने श्रीखंडाची वाटी फिरवली. "आत ज्यांचं काम आहे, तेच जातील आता. शेडमध्ये."

"बरं," विमलबाई म्हणाल्या. त्यांनी थोडा विचार केला. मग खरोखर माहीत करून घ्यावं अशा आवाजात विचारलं, "मंग माजं काय काम हाय?"

कोर्सिनींनी रियाकडे पाहिलं, ती भाषांतर करील म्हणून. रियाने केलं नाही. प्रवीणला वाटलं जितेश काहीतरी बोलेल. जितेशला वाटलं दादा बोलेल.

"आई, भात घ्या," हर्षला म्हणाली आणि तिने वाढला.

---

संध्याकाळी आळीतली माणसं सोनं द्यायला येऊन गेली. जितेश अंधार पडायच्या आत निघाला. निघताना तो आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "ये की ठाण्याला, चार दिवस." विमलबाई म्हणाल्या, "येन." दोघांनाही माहीत होतं की हे असंच म्हणायचं असतं. दुसऱ्या दिवशी रिया पुण्याला गेली. तिने जाताना आजीला त्या ग्रुपमध्ये घालून दिलं. विमलबाईंचा फोन आता दिवसभर टिंग टिंग करायचा. बेअरिंग आली. कॅन्टीनचा गॅस संपला. पाळी बदलली. त्या चष्मा लावून सगळं वाचायच्या. त्यात त्यांना विचारलेलं काही नसायचं.

प्रवीण त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागला. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतल्या का. कारखान्याचं मात्र काही सांगायचा नाही आणि त्याही विचारत नसत. एकदा तो त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबला. म्हणाला, "आये, त्या दिवशी कमलेशने मला फोन केला होता."

"म्हाईत हाय. माज्यापुढंच लावला त्यानं."

"मी उचलला नाही."

"कामात असशील."

तो अजून काही म्हणेल म्हणून विमलबाईंनी पलंगावर थोडी जागा केली. त्याच्या खिशातला फोन वाजला. "हां, बोला," म्हणत तो जिन्याकडे गेला. त्याचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. नवं इंजिन बसवून झालं होतं. उद्या सकाळी चाचणी सुरू करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवीणची गाडी गेल्यावर विमलबाई चांगलं लुगडं नेसल्या. हर्षलाला म्हणाल्या, "जरा जाऊन येते." हर्षलाने कुठे ते विचारलं नाही. खोपोलीकडे जाणाऱ्या शेअरच्या मॅजिक गाडीत एका कोळणीच्या पाटीशेजारी त्यांना जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापणीला आलं होतं. काही शेतांत कापून आडवंही पडलं होतं. साजगावच्या फाट्यावर उतरून त्या चालत कारखान्याच्या फाटकापर्यंत गेल्या.

फाटकावर सखा होता. तो धाकलूशेठच्या दुकानापासूनचा. आता त्याला निळा शर्ट आणि शिट्टी दिली होती. त्यांना पाहून तो खुर्चीवरून उठला आणि तसाच उभा राहिला. फाटक उघडायला हात पुढे गेला, मधेच थांबला.

"वयनी..."

"म्हाईत हाय मला. नको उगडू."

"नाय तं मी फोन लावतो आत. परवीनशेठला सांगतो तुमी आल्या म्हनून."

"नको रं. त्याला वाटंल काय काम हाय."

"मंग असं करा, बाजूच्या दारानं..."

"सखा. तुजी नोकरी जायची."

सखाने खाली पाहिलं. मग आपली खुर्ची उचलून त्याने भिंतीच्या सावलीत, बाहेरच्या बाजूला नेऊन ठेवली आणि शर्टाच्या टोकाने पुसली. "बसा तं खरं. पानी आनू?"

"आन."

त्या बसल्या. आत लेथ चालू होते, कोणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, एक ट्रक मागे येताना पीं पीं करत होता. चाचणीची खोली शेडच्या पलीकडच्या टोकाला होती. तिच्या भिंती जाड होत्या, आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून मुद्दाम तशा बांधलेल्या. धाकलूशेठनी त्या बांधून घेतल्या तेव्हा विमलबाईंनी तिथे माठ नेऊन ठेवला होता, गवंड्यांना पाणी प्यायला. इथून आवाज येणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी कान दिला.

सखा पाणी घेऊन आला. त्यांनी थोडं प्यायलं आणि ग्लास मांडीवर धरला.

"कशाची वाट बगताय, वयनी?"

त्यांनी बोट दाखवलं. पत्र्याच्या वर, त्या टोकाला, धुरासाठी काढलेली एक नळी होती. तिच्या तोंडातून काही निघत नव्हतं. मागे डोंगर स्वच्छ दिसत होता. कडे, झाडं, वरचं सुकायला लागलेलं गवत, सगळं अगदी स्थिर.

दोघं तिकडे बघत राहिले. एक टेंपो आला, सखाने जाऊन फाटक उघडलं, चालकाशी दोन शब्द बोलून ते लावलं आणि तो परत आला. बराच वेळ झाला होता. सावली त्यांच्या पायांवरून सरकली होती.

मग नळीच्या तोंडावर डोंगर हलायला लागला. धूर नव्हता, नुसती तापलेली हवा होती. तिच्यातून पलीकडचे कडे पाण्यात पाहावेत तसे थरथरत होते. आधी थोडे, मग जास्त, मग एका लयीत.

"झालं चालू?" सखाने विचारलं.

"झालं."

"चला, बरं झालं. मंग जाताय? फाट्यावर मॅजिक गावंल आता."

"जा तू. कुनीतरी आलंय बग फाटकावर."

सखा गेला. विमलबाई खुर्चीत बसून राहिल्या. आत कोणाला माहीत नव्हतं की त्या आल्या आहेत.